गाडीला त्रास काय आहे?

वाघमारे सिस्टरनी पहिल्याच भेटीत मला हात धुवायला लावले. मी गाडीची चावी न्यायला गेलो होतो, जेवायला नाय.

"साबण लाव. नखांत पण," सिस्टर बोलल्या.

मी बोललो, "मॅडम, गाडी न्यायची हाय फक्त."

"चावी माझ्या हातातून तुझ्या हातात जाणार ना? मग धू. आणि मॅडम नाही म्हणायचं. सिस्टर."

धुतले. आईने जन्मभर बोंबलून सांगितलं तेव्हा धुतले नव्हते, ते एका परक्या बाईच्या बेसिनला धुतले. पुसायला टॉवेल मागितला तर बोलल्या, "हवेत वाळव." मंग मी ऐरोलीच्या त्या बिल्डिंगमध्ये, दारात, दोन्ही हात वर करून उभा. पोलिसांनी धरल्यासारखा. समोरच्या फ्लॅटवाल्याने दार उघडलं, मला बघितलं, आणि कडी लावून घेतली.

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे तुमी पण कडी लावणार नाय. तुर्भ्याला गाड्यांचं वर्कशॉप हाय, काचेचं, एसीवालं. ज्यांना गाडी सर्विसिंगला आणायला टाइम नाय त्यांच्या घरी जायचं, गाडी घेऊन यायचं, काम झालं की परत सोडायची. म्हणजे येताना गाडीने, जाताना बसने. घणसोली गावात माझा केवढा रुबाब, हिराजी म्हात्रे रोज नवीन गाडी फिरवतो. फिरवतो ना. सीटवर प्लास्टिक टाकून फिरवतो. बाजूची सीट कायम रिकामी. शिक्षण विचाराल तर शाळेत मी रोज जायचो. आवारापर्यंत. वर्गात जायचं राहून गेलं.

सिस्टर मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झाल्या तेव्हा वॉर्डच्या इन्चार्ज. मूळच्या मराठवाड्यातल्या, परभणीकडच्या. म्हणून मला 'लेकरा' बोलायच्या. मी पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, आणि लेकरा. पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, कोण लहान मूल आलंय काय. सिस्टरचं घड्याळ मनगटावर नसायचं. साडीच्या खांद्याला पिनने लटकवलेलं असायचं, उलटं, म्हणजे मान खाली घातली की त्यांना सुलटं दिसणार. नोकरी सुटली तरी घड्याळ तिथंच.

गाडी पांढरी, छोटी. ती त्यांच्या मिस्टरांनी बुक केली होती. गाडी यायच्या आधी मिस्टर गेले. शोरूमवाले बोलले, बुकिंग कॅन्सल करू, पैसे परत देतो. सिस्टर बोलल्या, "माणूस परत देताय का? नाही ना? मग गाडी आणा." आणि त्या वयात मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत, डोक्यावर पाटी लावून, पोरापोरींच्या मध्ये बसून चालवायला शिकल्या.

मूलबाळ नव्हतं. नाशिकला भाऊ होता, तोपण गेला. त्याचा मुलगा प्रशांत. तो दर रविवारी फोन करायचा, "आत्या, आता कशाला एकट्या राहता? गाडी काढून टाका, इकडे या." प्रशांत चांगला माणूस, मी स्वतः बघितलाय. पण सिस्टरचं उत्तर ठरलेलं. "गाडी चालतेय तोवर मी ऐरोलीत. बंद पडली की बघू." फोन ठेवून मला बोलायच्या, "नाशिकला मला सगळं हातात देतील. ताट, पाणी, औषध. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात दिलंय, लेकरा. घ्यायची सवय नाही."

म्हणून गाडी धड राहिली पायजे हा सिस्टरच्या जिवाचा प्रश्न होता. आणि म्हणूनच आमच्या वर्कशॉपशी त्यांचं वाजायचं.

गाडी माझ्या ताब्यात द्यायच्या आधी त्या राउंड घ्यायच्या. खाली पार्किंगमध्ये, बॉनेट उघडून. ऑइलची पट्टी बाहेर काढायच्या, कापसाने पुसायच्या, परत घालून काढायच्या, उजेडात धरायच्या. टायरला अंगठा दाबायच्या, पायाला सूज बघतात तसा. मी मागे उभा, वॉर्डबॉय. मधेच विचारायच्या, "काल काय होतं?" मी बोलायचो, "काल मी सुट्टीवर होतो सिस्टर." "गाडीचं विचारतेय."

मंग वर्कशॉपमधून संदेशचा फोन जायचा. संदेश म्हणजे सर्विस ॲडव्हायझर, रत्नागिरीकडचा. गाडी बघून काय काय करायला लागेल ते सांगणारा. वाईट नव्हता. पण त्याला टार्गेट. गाडीमागे काहीतरी जास्तीचं विकलं पायजे, नाय तर सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उभं करायचे. तो फोन स्पीकरवर टाकायचा आणि आमी आजूबाजूचे चहा घेऊन जमायचो. फुकटचा तमाशा.

"मॅडम, यावेळी इंजिन फ्लशिंग सजेस्ट केलंय."

"पुस्तकात आहे का?" म्हणजे गाडीसोबत कंपनी जे पुस्तक देते, त्यात.

"पुस्तकात नाही, पण आम्ही रेकमेंड करतो."

"गाडीला त्रास काय आहे?"

"त्रास असा नाही मॅडम. पुढे होऊ नये म्हणून."

"नाही केलं तर काय होईल?"

संदेशने कॉम्प्युटरवर यादी वरखाली केली.

"अरे बाबा, एनिमा आहे तो. पोट साफ आहे, तक्रार नाही, आणि तू एनिमा घेऊन पलंगाशी उभा. काढ ते. पुढे?"

"एसी डिसइन्फेक्शन."

"वास येतोय?"

"नाही."

"मग? पुढे."

ह्या तीन प्रश्नांतून जे पार पडेल ते पास. आणि असं नव्हतं की सगळंच कापायच्या. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, पुस्तकात लिहिलंय त्या वेळेला न विचारता करा बोलायच्या. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग मारतात, ते संदेशने घाबरत घाबरत सांगितलं. सिस्टर बोलल्या, "हे कर. मी दर रविवारी उरणला नेते, समुद्राच्या वाऱ्यात. ह्या पेशंटला ते लागतं. समुद्रापासून आतल्या कळंबोलीवाल्याला लागेलच असं नाही." संदेशला एवढा आनंद झाला की त्याने बिलात ते दोनदा टाकलं. सिस्टरनी एक काढायला लावलं.

आणि जुने पार्ट परत पायजेत. "ऑपरेशन झालं की नातेवाइकांना खडा दाखवतात की नाही? मग माझा फिल्टर दाखवा." नुसतं दाखवून भागायचं नाय. नवीन एअर फिल्टर बसला की सिस्टर त्याला वरून चिकटपट्टी लावायच्या, जखमेला लावतात ती, आणि तिच्यावर तारीख. पुढच्या वेळी फिल्टर बदलला असं आमी सांगितलं की बॉनेट उघडून बघायच्या. पट्टी गेलेली दिसली तर फिल्टर नवा. पट्टी तशीच असली तर आमी खोटारडे. काढलेले पार्ट गाडीत ठेवायचं राहून जायचं, मंग मी ते पिशवीत भरून त्यांच्या घरी न्यायचो. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, ह्यात काय? मी बोलायचो, "पेशंटचं हाय."

एकदा संदेशने मला कामाला लावलं. बोलला, "हिराजी, फोनवर ती बाई ऐकत नाही. तू चावी घ्यायला जाशील तेव्हा समोरासमोर सांग, इंजेक्टर क्लीनिंग अर्जंट आहे. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

गेलो. हात धुतले, वाळवले, आणि बोललो, "सिस्टर, इंजेक्टर क्लीनिंग लय अर्जंट हाय. गाडी मधेच बंद पडल."

"इंजेक्टर म्हणजे काय रे?"

आता आली का पंचाईत. मी बोललो, "ते... इंजेक्शन देतं."

"कोणाला?"

"इंजिनला."

"कसलं?"

"ताकदीचं."

सिस्टर हसल्या नाय. शांत बोलल्या, "लेकरा, खोटं बोलताना तू डावा कान खाजवतोस."

बघतो तर माझा हात कानावर. खरंच. तेवढ्यात मला कळलं गावात पत्त्यांत मी का हरतो. सगळ्या गावाला माझा कान माहीत, मलाच नाय.

"माझं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं," सिस्टर बोलल्या. "दारू प्यालेला सांगतो, नाही घेतली सिस्टर. शुगरवाला सांगतो, जिलबी नाही खाल्ली. प्रत्येकाची एक खूण असते. कोणी पायाचा अंगठा हलवतो. तुझा कान."

त्यानंतरच्या वेळी ब्रेक पॅड खरोखर घासले होते. संदेशने फोन केला, सिस्टर ऐकायला तयार नाय. "मागच्या वेळी इंजेक्टर, आता ब्रेक. पुढच्या वेळी किडनी काढाल." संदेशने फोन माझ्या हातात कोंबला. मी बोललो, "सिस्टर, हे खरं हाय. मी चालवून आणली गाडी, ब्रेक उशिरा लागतो."

"कानाला हात लावलास?"

"एका हातात फोन हाय, दुसऱ्यात वडापाव."

"बदला पॅड," सिस्टर बोलल्या.

ही गोष्ट सिस्टरच्या सोसायटीत पसरली. माझ्यामुळेच पसरली, मी गप्प बसणारा असतो तर आज कुठल्या कुठे असतो. मंग दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून सिस्टरची ओपीडी सुरू झाली. आयटीत काम करणारी पोरं-पोरी मोबाइलवर आपापल्या वर्कशॉपचं एस्टिमेट घेऊन लायनीत. सिस्टर विचारणार, गाडी किती चालते, कुठे उभी असते, त्रास काय आहे. हे कर, हे नको. लोक थँक यू आंटी बोलून, गाडी काढून, मॉलला. मी सुट्टीचा तिकडे चक्कर मारायचो, बघायचो. खाली एवढी गर्दी, पण वर चहाला कोणी जायचं नाय. सिस्टर आदल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवायच्या, बाटल्या भरून, कोणी आलं तर द्यायला. त्या बाटल्या शेवटी मलाच मिळायच्या. माझं पोट सुटलं त्याला ही सोसायटी जबाबदार हाय.

ती ओपीडी बंद पडली देसाईच्या बॅटरीमुळे.

देसाई दुसऱ्या मजल्यावरचा, सज्जन माणूस. त्याला त्याच्या वर्कशॉपने सांगितलं होतं, बॅटरी जुनी झालीय, बदला. सिस्टरनी विचारलं, "गाडी एका झटक्यात चालू होते?" होते. "लाइट मंद वाटतात?" नाय. "मग त्रास काय आहे? राहू दे." आणि दोनेक आठवड्यांनी भर दुपारच्या उन्हात, आईला डॉक्टरकडे मुलुंडला नेताना, ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी बंद केली ती परत चालू झालीच नाय. मागच्या सीटवर म्हातारी, खाली खाडी, मागे हॉर्न.

संध्याकाळी मी सिस्टरची गाडी सोडायला गेलो तेव्हा देसाई खाली उभा होता. ओरडत होता. "आंटी, तुम्ही डॉक्टर नाही, मेकॅनिक नाही, मग कशाला सांगता लोकांना?" मला वाटलं आता सिस्टर त्याला पाणी पाजतील. सिस्टर बोलल्या, "माझं चुकलं. आई कशा आहेत?" आणि बीपीचं मशीन घेऊन त्याच्या घरी गेल्या. देसाईच गडबडला. दार धरून उभा राहिला.

पुढच्या रविवारी खुर्ची आली नाय. मी विचारलं तर बोलल्या, "काही रोगांत त्रासच होत नाही, लेकरा. थेट बंद. हे मला बॅटरीच्या बाबतीत आठवायला हवं होतं." लोकांना ओपीडी बंद झाल्याचं दोन रविवार वाईट वाटलं. मंग कोणालाच काय वाटलं नाय. खुर्ची वॉचमनने नेली.

त्यानंतर एकदा सिस्टरचा मला फोन आला. वर्कशॉपला नाय, मला.

"हिराजी, रविवारी मोकळा आहेस?"

मी बोललो, "सिस्टर, बायको वारल्यापासून मी रविवारी मोकळाच असतो. सोमवारी पण असतो, पण पगार मिळतो."

"गाडीतून आवाज येतोय. उरणपर्यंत माझ्याबरोबर चल, ऐक जरा."

गेलो. सिस्टर चालवत होत्या, मी बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाजूच्या सीटवर बसलो, हात कुठे ठेवायचे तेच समजेना. आवाज काय येत नव्हता. मी कान लावून बसलो, माझ्याच पोटाचा आवाज ऐकू आला, तो सांगितला. सिस्टर हसल्या नाय. स्टिअरिंग गच्च धरलेलं, नजर सरळ, मान सारखी डावी-उजवी. कंटेनरच्या ट्रेलरची लाइन लागते त्या रस्त्याला डावीकडून एक स्कूटरवाला आला. एवढा मोठा माणूस, लाल शर्ट. सिस्टरनी गाडी त्याच्याच अंगावर घेतली. मी ओरडलो, स्टिअरिंग ओढलं. स्कूटरवाला माझ्या आईचं नाव घेऊन गेला.

सिस्टरनी गाडी बाजूला लावली. खाली उतरल्या, मागून फिरून माझ्या दाराशी आल्या. "तू चालव."

उरणला समुद्रासमोर गाडी उभी केली. सिस्टर उतरल्या नाय. डबा काढला, उकडलेली अंडी, मीठ-मिरीची पुडी. दर रविवारी इथं येऊन एकट्या हेच खायच्या, हे मला तेव्हा कळलं. अंडी दोन होती. एक मला दिलं.

"आवाज नाहीच आहे गाडीत," सिस्टर बोलल्या. "काचबिंदू आहे मला. बाजूचं दिसत नाही, मधलं तेवढं दिसतं. पाइपातून बघितल्यासारखं. स्वतः नर्स, आणि डोळे तपासले नाहीत. का? तर त्रास काय आहे? काहीच नव्हता." मंग अंड्यावर मीठ टाकत बोलल्या, "देसाईची बॅटरी."

मी अख्खं अंडं एकदम तोंडात कोंबलं, म्हणजे काय बोलायला लागणार नाय.

अंडं संपल्यावर सिस्टरनी मिस्टरांची गोष्ट सांगितली. ते सिस्टरच्याच हॉस्पिटलात गेले. "बाकीच्या सिस्टर म्हणाल्या, तू बाहेर बस, आम्ही करतो. मी म्हटलं, नाही. गरम पाणी आणलं. स्वतः पुसलं त्यांना. नखं कापली. भांग पाडला, उजवीकडे, त्यांना तसाच लागायचा. वॉर्डात आम्ही गेलेल्या प्रत्येकाला असं करायचो. ज्याला कोणी नाही त्याला तर जास्तच. आता माझेच तीन प्रश्न विचार. पुस्तकात आहे का? त्याला त्रास आहे का? नाही केलं तर काय होईल?" अंड्याची टरफलं पुडीत बांधली. "काही होणार नाही. तरी करायचो."

मी बोललो, "सिस्टर, मी मेल्यावर मला कोण विंचरणार? केसच नायत." तेव्हा हसल्या.

पुढचे काही महिने रविवारी मी चालवायचो, सिस्टर बाजूला. मला बोलल्या होत्या, प्रशांतला कळता कामा नये. त्याला फोनवर सांगायच्या, "हो, आज उरणला जाऊन आले." खोटं नव्हतं. गाडी चालत होती, सिस्टर ऐरोलीत होत्या. आणि माझ्या बाजूची सीट भरलेली होती. मी वळताना सिस्टर बोलायच्या, "डावीकडे बघ, माझ्यासाठी पण बघ."

मंग एक दिवस सिस्टर बाथरूममध्ये पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्रशांत नाशिकहून आला आणि यावेळी त्याने विचारलं नाय, सामान बांधायला घेतलं. सिस्टरनी फक्त गाडीचं विचारलं, "कोणाला देणार?"

प्रशांत बोलला, "एक फॅमिली आहे आत्या. पहिलीच गाडी त्यांची."

मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, रजिस्ट्रेशनचे कागद संपत होते. दोघा-तिघांना विचारलं, कोणी हात लावेना. तुर्भ्याच्या भंगारवाल्याला सांगितलंय. "काका, आत्याला कळू देऊ नका." मी मान हलवली. मान हलवताना कान खाजवायला लागत नाय.

सिस्टरनी वर्कशॉपला फोन लावला. संदेशने सवयीने स्पीकरवर टाकला, आमी सवयीने जमलो.

"संदेश, गाडी येतेय. सगळं कर."

"सगळं म्हणजे?"

"फ्लशिंग, इंजेक्टर, एसीचं औषध, पॉलिश. इतकी वर्षं तू जे जे सांगत होतास ते सगळं. फिल्टर पण नवा."

संदेशला प्रशांतचं मी आधीच सांगितलं होतं. तो खुर्चीत हलला. "सिस्टर," बोलला, पहिल्यांदाच मॅडम नाय बोलला, "फ्लशिंग पुस्तकात नाहीये."

"माहीत आहे."

"गाडीला त्रास पण काही नाही."

"नसू दे."

"नाही केलं तरी काही होणार नाही, सिस्टर."

"अरे, पोरगी सासरी चाललीय माझी. तिला नटवून पाठवू की तुझे प्रश्न विचारत बसू?"

फोन बंद झाला. चहा कोणी प्यालं नाय. संदेश एवढी वर्षं जे बिल बनवायला तरसला ते त्याच्या कॉम्प्युटरवर अर्धं भरून तयार होतं. त्याने ते पुसलं. बोलला, "उद्या तोडणार त्या गाडीला मी इंजेक्टर क्लीनिंग लावू? मला नाही जमणार. तू सांग त्यांना, सगळं केलं म्हणून."

मी बोललो, "मी सांगू? मी?"

मी गाडी वॉशिंगला घेतली. तिथं प्रेशरने पाणी मारून मोकळे होतात. मी पाइप बाजूला ठेवला आणि बादली घेतली, फडकं घेतलं. छप्पर, दारं, दारांच्या कडा, मागच्या काचेचा कोपरा जिथं कोणाचा हात जात नाय तो. थोड्या वेळाने बघतो तर संदेश बाह्या वर करून टायर घासतोय, टाय खांद्यावर मागे टाकलेला. डॅशबोर्डवर सिस्टरची छोटी बुद्धाची मूर्ती होती, ती पुसली, कापडात गुंडाळून खिशात ठेवली, त्यांना द्यायला. स्टिअरिंग पुसताना सिस्टरच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या जागा लागल्या. तेवढ्यात मला उरणचं सगळं आठवलं, मिस्टरांचा भांग. माझ्या डोळ्यांत शॅम्पू गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी ऐरोलीला नेली. नेताना सीटवर प्लास्टिक टाकलं नाय. सिस्टर बिल्डिंगखाली तयार, हाताला प्लास्टर, खांद्याला घड्याळ. प्रशांतची गाडी सामानाने भरलेली, तो वर कुलूप लावायला गेलेला.

"बॉनेट उघड," सिस्टर बोलल्या. "राउंड राहिलाय."

मी उघडलं. आता त्यांना मधलंपण धुरकट दिसायचं. डाव्या हाताने चाचपत चालल्या. ऑइलची पट्टी, बॅटरी, पाण्याचा डबा. मंग एअर फिल्टरच्या डब्यावर हात आला.

"हे खोल."

मी खोललं. आणि खोलल्यावर मला आठवलं.

चिकटपट्टी. जुनी, मळलेली, कोपरे वर आलेली, जुन्या फिल्टरवर तशीच. गाडी धुतली, पुसली, चमकवली, संदेशने टायरला काळं केलं, आणि दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाय की तेवढी पट्टी तरी काढून टाकावी. आयुष्यात एक खोटं मन लावून तयार केलं आणि त्याच्यावर तारीख तशीच ठेवली.

सिस्टरचं बोट पट्टीवर थांबलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरलं. थांबलं.

"सगळं केलं ना, लेकरा?"

"हो सिस्टर. सगळं."

"घेणारी माणसं चांगली आहेत?"

"चांगली हायत. त्यांची एक छोटी मुलगी हाय. ती मागे बसणार. खिडकीशी."

सिस्टरनी माझ्याकडे तोंड केलं. माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होत्या.

"मला आता दिसत नाही नीट. तूच सांग. हात कानाला आहे का?"

"नाय सिस्टर," मी बोललो. कान लाल झाला होता खाजवून.

सिस्टरनी पट्टीचा वर आलेला कोपरा अंगठ्याने दाबून नीट बसवला. जखमेवर बसवतात तसा. डब्याचं झाकण लाव बोलल्या. मंग छपरावरून, दारावरून, काचेवरून सावकाश हात फिरवत मागपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"पुसलंस मात्र छान," सिस्टर बोलल्या.

मी खिशातली मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कापडासकट पर्समध्ये ठेवली.

प्रशांत खाली आला. बोलला, "आत्या, हात काळा झाला तुमचा," आणि पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातावर धरली. सिस्टरनी धुवून घेतला, नखांतसुद्धा. प्रशांतने रुमाल पुढे केला. घेतला नाय.

मी गाडी काढली. गेटपाशी आरशात बघितलं. सिस्टर होत्या तिथंच उभ्या, हात वर केलेला. टाटा करत होत्या की वाळवत होत्या, ते मला कळलं नाय. मी आपला खिडकीतून एक हात बाहेर काढला, वर धरला, आणि तुर्भे येईपर्यंत तसाच ठेवला.